तक्त्याच्या तळची रिकामी जागा

बेडकाचं काळीज मी आयुष्यात जितक्यांदा रंगवलं, तितक्यांदा कपाळावर कुंकूसुद्धा नीट लावलं नसेल. आमची आई हे चारचौघांत बोलून दाखवायची. पोरीचं लग्न ठरवायचं तर पाहुण्यांना सांगायचं काय? मुलगी बेडूक काढते, मासा काढते, गाईच्या पोटातले चार कप्पे काढून त्यांना चार रंग देते. "चित्रकला करते, एवढंच सांग," असं अप्पा, माझे वडील, म्हणायचे. "आणि त्यांनी चित्र बघायला मागितलं तर?" यावर अप्पा वर्तमानपत्र उघडून बसायचे.

शाळेच्या वर्गात भिंतीवर तक्ते लटकतात ना, वर-खाली लाकडी रूळ आणि मध्ये रंगीत चित्र, ते रंगवणं हा माझा धंदा. पूर्वी असले तक्ते बोटीनं परदेशातून यायचे. स्वातंत्र्यानंतर बाहेरचा माल मिळेनासा झाला आणि मद्रासेत हातानं तक्ते रंगवणारी दुकानं निघाली. त्यातल्या चिंताद्रिपेटेतल्या एका दुकानात मी केस पांढरे होईपर्यंत काम केलं. घर वेस्ट मांबलमला. सकाळी मांबलमहून गाडी धरायची, एग्मोरला उतरायचं आणि कूवम नदीच्या कडेकडेनं चालत जायचं. कूवमला तेव्हाही वास होता, पण आजच्याइतका नव्हता.

आम्ही तंजावरकडचे मराठी. पिढ्यान् पिढ्या तमिळ मुलखात राहिलेले. आमचं बोलणं ऐकून पुण्याकडचे लोक आधी हसतात आणि मग 'हे कुठलं?' म्हणून विचारतात. हे छापणाऱ्या मासिकाच्या संपादकबाईंनी माझं लिहिणं थोडं सरळ करून घेतलं आहे, त्यामुळे तुम्हाला हसू येणार नाही. मला मात्र ते दुसऱ्याच कुणीतरी लिहिल्यासारखं वाटतंय.

तक्ता करतात कसा, ते आधी सांगते. जाड मांजरपाट चौकटीवर ताणायचा. त्यावर चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड यांचे लेप द्यायचे, वाळले की घासायचे. मग पेन्सिलीनं आकृती, मग रंग, मग व्हार्निश. कापडाला हात लावला की लेप पुरता वाळलाय की नाही हे मला अजून कळतं, मात्र आता कुणी विचारत नाही. दुकानात दुपारी मोठी सामसूम असायची. कौलांतल्या काचेतून उजेडाचा एक तुकडा जमिनीवर पडायचा आणि संध्याकाळपर्यंत हळूहळू भिंत चढायचा. त्या उजेडात चारही बाजूंना मासे, फुप्फुसं, कमळाचे देठ, चंद्राच्या कला वाळत घातलेल्या. मी कित्येकदा ब्रश हातात धरून नुसती बसून राहायची. झोप नव्हे ती आणि जागही नव्हे.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एका हेडमास्तरांनी पचनसंस्थेचा तक्ता परत पाठवला, का तर त्यातल्या माणसाला धोतर नेसवा. आम्ही म्हटलं, धोतर नेसवलं तर आतडी झाकली जातील. ते म्हणाले, पंचा चालेल. एका गुरांच्या डॉक्टरनं गाय परत पाठवली, का तर ती दुःखी दिसते. तो दोष माझा नव्हता, डोळे सेतुमामांचे होते.

हे सेतुमामा म्हणजे माझे सख्खे मामा. त्यांनीच मला या दुकानात आणलं. त्यांचे वाडवडील तंजावरला देवाची चित्रं काढायचे, सोन्याचा वर्ख लावलेली, काचेचे मणी बसवलेली. ती गिऱ्हाइकं आटली, तेव्हा मामा मद्रासला येऊन रूळ बसवायला आणि व्हार्निश मारायला लागले. पण घराण्याची एक रीत त्यांनी सोडली नाही. देवाचं चित्र संपूर्ण झाल्याशिवाय डोळे काढायचे नाहीत. शेवटच्या दिवशी स्नान करायचं, कापूर लावायचा आणि मग डोळे उघडायचे. डोळे उघडले की ते चित्र राहत नाही, त्यात जीव येतो. ही रीत मामांनी तक्त्यांनाही लावली. मी बेडूक काढणार, ससा काढणार, हत्ती काढणार, सगळे आंधळे. मग शेवटच्या दिवशी मामा ट्रिप्लिकेनच्या आपल्या घरून ओल्या केसांनी येणार, कापराची वडी पेटवणार आणि बारीक ब्रशनं एकेकाचे डोळे उघडणार. "बेडकाला कसला कापूर?" असं मी एकदा म्हटलं. मामा म्हणाले, "त्यास जीव नाही काय?"

मला जी गोष्ट सांगायची आहे, ती झैनब टीचरच्या तक्त्याची.

माणसानं सोडलेला पहिला उपग्रह आकाशात फिरायला लागला, त्याच्या मागचापुढचा काळ. रायपेट्ट्याला मुसलमान मुलींची एक शाळा होती. तिथं झैनब टीचर निसर्गशास्त्र शिकवायची. माझ्याच वयाची, उंच, बुरखा दुकानाच्या दारात आल्यावर मागे सारणारी. ती दखनी बोलायची, मी माझं तंजावरी मराठी. "नक्को" म्हणायची, "कायकू" म्हणायची, 'हो'ला "हौ" म्हणायची. आम्हा दोघींना एकमेकींचं सगळं समजायचं, दुकानाच्या नायडू मालकांना मात्र दोघींचंही काही समजायचं नाही.

तिची अडचण अशी. शाळेच्या कमिटीनं वरच्या वर्गाला विज्ञान शिकवायला परवानगी दिली होती. त्याआधी मुली भरतकाम आणि स्वयंपाक शिकून शाळा सोडायच्या. वर्ग सुरू झाला, बाराएक मुली बसल्या आणि पेठेत बोलवा उठली की तिथं 'माणूस माकडापासून झाला' असं शिकवतात. कमिटीचे सेक्रेटरी हाजीसाहेब म्हणाले, काय शिकवता ते एकदा आमच्यासमोर मांडा. पटलं तर वर्ग चालेल, नाही पटलं तर बंद.

"बंद म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे त्या मुली परत भरतकामाला. दोघींना डॉक्टर व्हायचंय, कमला. त्यातल्या एकीचं लग्न बापानं थांबवून धरलंय, तेवढ्या वर्गाच्या भरवशावर."

म्हणून तिला तक्ता हवा होता. वरून खाली जाणारा, माणसाच्या उंचीहून लांब. सृष्टी कशी झाली त्याचा. विज्ञान सांगतं ते आणि त्यांचा धर्म सांगतो ते, एकाच कापडावर.

मी म्हटलं, "दोन तक्ते कर. एक वर्गात लाव, एक कमिटीला दाखव." धंदेवाईक सल्ला होता.

"नक्को," ती म्हणाली. "मैं दो नहीं. मैं एकच हूँ."

मग ती बाकावर बसून सांगायला लागली. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे आधी आकाश म्हणजे धूर होता. आकाश आणि पृथ्वी एकत्र जोडलेली होती, देवानं ती वेगळी केली. जे जे जिवंत आहे ते पाण्यापासून केलं. सहा दिवसांत सगळं झालं म्हणतात, पण देवाचा दिवस आपल्या घड्याळाचा नव्हे. त्याचा एक दिवस आपल्या हजारो वर्षांचा असू शकतो, असं त्यांच्यातले जाणते लोक पूर्वीपासून मानत आले. त्यामुळे पृथ्वी फार म्हातारी आहे असं शास्त्रज्ञ म्हणाले तरी तिला काही अडत नव्हतं. आधी वायूचा ढग होता, पहिले जीव पाण्यात झाले, असं ते म्हणतात तेव्हा तर तिला ओळखीचं कुणी भेटल्यासारखं वाटायचं.

"म्हणजे तुमच्या ग्रंथात विज्ञान आधीच लिहिलंय, असं?" मी विचारलं. आमच्याकडेही पुष्पक विमानावरून असं बोलणारे होतेच.

"तसं मी म्हणणार नाही. आज विज्ञानाशी जुळवलं आणि उद्या विज्ञान बदललं तर? मग काय ग्रंथ बदलायचा? दोन्ही एका खोलीत बसलेत, इतकंच मला पुरे. बोलत असतील तर बोलू देत."

"आणि माणूस?"

"माणूस मातीपासून. पहिला बाप मातीचा. पण माती ते माणूस हा रस्ता कसा होता, तो किती लांबचा होता, ते मला माहीत नाही. हाडं काही सांगतात. आमचे लोक काही सांगतात. मला मुलींना खोटं सांगायचं नाही आणि माझं ईमानही सोडायचं नाही. म्हणून तळाची जागा रिकामी ठेव. तिथं मी बोलेन."

असा तक्ता मला जन्मात कुणी सांगितला नव्हता. पण खरं सांगते, त्या दिवसांत मी फार सुखी होते.

तक्त्यावर एकाखाली एक घरं आखली, पहिलं धुराचं. धूर रंगवायचा कसा? मी करडा रंग फासला, तो भिंतीला ओल आल्यासारखा दिसला. मग शुक्रवारी आईनं न्हाणं झाल्यावर केसांखाली सांब्राणीची, म्हणजे ऊदाची, धुरी धरली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की धूर करडा नसतोच. उजेड मागून आला तर तो निळा, पुढून आला तर तांबूस आणि मधल्या मध्ये त्याला रंगच नाही. झैनबला सांगितलं तर ती म्हणाली, "आमच्याकडेही न्हाल्यावर हाच ऊद." दोन घरचे केस एकाच धुरावर वाळत होते याची मला मोठी गंमत वाटली. काजळी आणि नीळ पाण्यात अगदी पातळ करून थरावर थर दिले. कित्येक दुपारी त्यात गेल्या. नायडू मालक येऊन म्हणायचे, "अम्मा, अजून धूरच?" मी म्हणायची, "सार, अजून आकाश झालं नाही."

दुसरं घर त्याहून अवघड. आकाश आणि पृथ्वी जोडलेली, आणि आता वेगळी व्हायला आलेली. मी वर निळं केलं, खाली हिरवं केलं. झैनबनं मान हलवली. "यात आधीपासूनच दोन आहेत. मला एक हवंय, जे दोन व्हायच्या बेतात आहे."

अमावास्येला सेतुमामा समुद्रस्नानाला जायचे. आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे मुक्कामाला गेले आणि पहाटे त्यांच्याबरोबर मरीनावर गेले. मामा तर्पण करत पाण्यात उभे. मी वाळूत बसून. समोर काही नव्हतं. समुद्र नाही, आकाश नाही, एकच दुधट काळोख, आणि लाटेचा आवाज नेमका कुठून येतोय तेही कळत नव्हतं. मी किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. मग मधोमध एक रेघ आली. कुणी ओढली नाही, नुसती आली. तिच्यावरचं आकाश झालं, खालचं पाणी झालं आणि त्या पाण्यात कंबरेइतके उभे माझे मामा, हातातून पाणी सोडत. मला रडू आलं. का ते त्या वयात सांगता आलं नसतं, आजही येणार नाही. तशीच दुकानात गेले आणि ती रेघ ओढली.

पुढची घरं माझ्या हातची होती. पाण्यातले बारीक जीव, मासे, बेडूक, सरडे, पक्षी, हरण, हत्ती, माकड. जिवंत प्राण्यांची चित्रं काढण्यालाच काही कमिटीवाल्यांचा विरोध होता. शिकवण्यासाठी चालतील, असं हाजीसाहेबांनी त्यांना समजावलं होतं, असं झैनब म्हणाली. सगळ्यात खाली हातभर कापड मी नुसता लेप देऊन कोरं सोडलं. सगळे प्राणी रीतीप्रमाणे आंधळे. डोळ्यांसाठी तक्ता मामांकडे दिला. त्याच दिवशी माझ्या धाकट्या बहिणीला बघायला कुंभकोणमचे पाहुणे यायचे होते, म्हणून मी रजा काढली. ते पाहुणे चांगले आठवडाभर राहिले.

कमिटीच्या दिवशी मी परस्पर शाळेत गेले. तक्ता मामांनी स्वतः खांद्यावरून आणला होता. असं ते कधी करत नसत. व्हरांड्यात बाकावर उपरणं नीट करून बसले होते आणि चेहऱ्यावर काहीतरी होतं, लाडवाचा डबा लपवलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं तसं.

आत झैनबनं आणि मी तक्ता टेबलावर उलगडला. धूर छान दिसत होता. रेघ छान दिसत होती. मासे डोळे उघडून बघत होते. आणि तळाला, मी सोडलेल्या कोऱ्या जागेत, पहिला माणूस उभा होता.

गोंडस गोरा, आमच्या तंजावरच्या बाळकृष्णासारखे गुबगुबीत गाल, लांब डोळे, गळ्यात माळ. डोक्यामागे खऱ्या सोन्याच्या वर्खाचं तेजोवलय, खळ आणि खडू भरून उंचावलेलं, कडेला मणी. घरात कुठल्यातरी जुन्या चित्राचा राहिलेला वर्ख असणार तो. वर व्हार्निश मारून वाळवलेला.

झैनब खुर्चीत बसली. त्यांच्याकडे पैगंबराचं चित्र काढत नाहीत, आणि पहिला मानव त्यांना पैगंबरच. साध्या माकडाच्या बोलवेवरून वर्ग बंद व्हायला आला होता. हे बघितल्यावर वर्ग तर सोडाच, तिची नोकरी राहिली नसती.

मी बाहेर आले. "मामा, काय केलंत हे?"

"तू विसरलीस म्हणून पूर्ण केलं," मामा म्हणाले. "तळची जागा रिकामी होती, कमळे. रिकामी जागा ठेवून चित्र घराबाहेर काढतात काय? झैनबअम्मांस आवडलं ना?"

तेवढ्यात मोटारीचा आवाज आला. हाजीसाहेब आले.

मला सुचलं ते आमच्या धंद्यातलंच होतं. खालचा रूळ आतल्या बाजूनं गुंडाळायचा, माणूस आत जाईल एवढा, आणि सुतळीनं बांधायचा. तक्ता भिंतीवर टांगला, तो माकडापाशी संपत होता. मी खालचा रूळ धरून शेजारी उभी राहिले, जणू मला तिथं उभं राहायलाच नेमलं होतं.

कमिटीचे तिघे बसले. हाजीसाहेबांचा पेरियमेटला कातड्यांचा मोठा व्यापार होता. बारीक, पांढऱ्या दाढीचे, कमी बोलणारे. झैनब बोलायला लागली. आधी आवाज कापत होता, मग धुराचं घर संपेपर्यंत सरळ झाला. रेघेपाशी आली तेव्हा हाजीसाहेब उठून तक्त्याजवळ आले आणि बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले. "ये किन्ने बनाया?" त्यांनी विचारलं. झैनबनं माझ्याकडे बोट दाखवलं. ते माझ्याकडे बघून नुसते "हौ" म्हणाले. पुढं मला बऱ्याच ठिकाणी प्रशस्तिपत्रं मिळाली, पण त्या 'हौ'ची सर एकालाही नाही.

मासे झाले, पक्षी झाले, हत्ती झाला. माकडापाशी एक सभासद खाकरले.

"यापुढे?" हाजीसाहेब म्हणाले. "माणूस कुठंय?"

"माणसाची जागा खाली आहे," झैनब म्हणाली.

"दाखवा."

झैनबनं माझ्याकडे बघितलं. तिनं काहीही सांगितलं असतं, सुतळी अडकलीय म्हणून, रंग ओला आहे म्हणून, तर मी साथ दिली असती. त्याचीच वाट बघत होते मी.

"खोल, कमला," ती म्हणाली.

मी सुतळी सोडली. रूळ खाली गेला आणि खिडकीतला उजेड सोन्यावर पडला. एक सभासद "तौबा, तौबा" म्हणत उठून उभे राहिले. झैनब खाली बघून म्हणाली, "ही जागा मी रिकामी सांगितली होती. रंगवणाऱ्यांच्या मामांनी आदरानं चित्र काढलं. दोष माझा, मी नीट समजावून सांगायला हवं होतं."

हाजीसाहेबांनी मामांना बोलावलं. मामा हात जोडून आले. दोघं तमिळमध्ये बोलले.

"सोनं खरं आहे?"

"खरंच आहे, सार. खोटं मी लावत नाही."

"कशाला लावलंत?"

मामा गोंधळले. हा काय प्रश्न, असं त्यांच्या तोंडावर होतं. "माशाला डोळे दिले, माकडाला डोळे दिले. तुमचा आमचा पहिला बाप, त्याची जागा तेवढी ओसाड सोडायची? मानाशिवाय कसं पाठवायचं त्याला?"

हाजीसाहेब म्हणाले, "आमच्यात मानतात की पहिला माणूस झाला तेव्हा देवानं फरिश्त्यांना सांगितलं, याला मान द्या. त्यांना सांगावं लागलं होतं. तुम्ही न सांगता दिलात." मामांनी मान डोलावली. हाजीसाहेब पुढं म्हणाले, "पण ऐया, त्याचा चेहरा कुणी बघितलाय? तुम्ही इतका सुंदर काढलात की या पोरी आता हाच चेहरा लक्षात ठेवतील. पुढं काही विचारणारच नाहीत."

मग ते झैनबकडे वळले. "हे काढलं तर तिथं काय येईल?"

"काही नाही."

"मुलींना काय सांगाल?"

"इथपर्यंत हाडं बोलतात. इथून पुढं शोध चाललाय, आणि आपली श्रद्धा मातीचं सांगते. मधलं सगळं मला माहीत नाही, असं सांगेन."

"विज्ञानाच्या वर्गात 'माहीत नाही' शिकवणार?"

"विज्ञानात तेच पहिलं शिकवतात, हाजीसाहेब."

हाजीसाहेब दाढीवरून हात फिरवत राहिले. "आमचे मुफ्ती कुठल्याही प्रश्नाचं उत्तर लिहितात ना, पानंच्या पानं, आणि शेवटी लिहितात, खरं काय ते देवच जाणे. ते लिहिल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही." मग ते उभ्या असलेल्या सभासदांना म्हणाले, "बसा मियाँ." आणि झैनबला म्हणाले, "दर्जा चलने दो," म्हणजे वर्ग चालू दे.

झैनबनं ओढणीचा पदर तोंडाला लावला. मी रूळ सोडून दिला, तो भिंतीवर आपटला.

"एक अट," हाजीसाहेब जाता जाता म्हणाले. "ते माकड जरा वर सरकवा. पेठेतल्या लोकांना जाता-येता दिसतं."

तेव्हा वाचकहो, त्या तक्त्यावर डोळ्यांसकट कापून वर चिकटवलेलं माकड हत्तीच्याही वर, जवळजवळ पक्ष्यांच्या शेजारी बसलेलं आहे. शास्त्राप्रमाणे ते साफ चूक. माझ्या सगळ्या कामात जाणूनबुजून केलेली चूक तेवढी एकच, आणि तिचं मला अजून वाईट वाटतं. पण बारा मुली आणि एक माकड, यात मी मुली घेतल्या.

राहिला प्रश्न सोन्याच्या माणसाचा. मी सुरी काढून खरवडायला गेले तर मामांनी हात धरला. डोळे उघडलेलं चित्र खरवडत नाहीत, ते पाण्यातच द्यावं लागतं. हे मी भीत भीत झैनबला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. "आमची पवित्र अक्षरांची पानं जुनी झाली की आम्हीही ती कचऱ्यात टाकत नाही. जमिनीत पुरतो, नाहीतर वाहत्या पाण्यात सोडतो." तळचा हातभर तुकडा कात्रीनं कापून घेतला आणि त्या संध्याकाळी आम्ही तिघं मरीनावर गेलो. मामा पाण्यात उतरले. झैनबही चप्पल काढून घोट्याइतक्या पाण्यात उभी राहिली, बुरख्याची कड भिजवत. मामांनी तुकडा सोडला. तो लगेच बुडाला नाही, सोनं वर ठेवून बराच लांब गेला. समुद्र आणि आकाश तेव्हा पुन्हा एक व्हायला लागले होते. त्यानंतर मामांनी तक्त्यांचे डोळे काढले, पण कापूर लावला नाही. "बेडूकच तो," म्हणायचे. त्यांचं काही चुकलं होतं असं मला वाटत नव्हतं, पण तसं त्यांना नीट सांगायचं राहूनच गेलं.

मी तळाला मांजरपाटाचा कोरा तुकडा शिवला, लेप दिला, रूळ बसवला आणि तक्ता शाळेला दिला.

साठचं दशक संपता संपता त्या शाळेतून बोलावणं आलं. तक्त्याचं व्हार्निश पिवळं पडलंय, येऊन बघा. झैनब टीचर तोवर हेडमिस्ट्रेस झाली होती. त्या दिवशी ती सरकारी कचेरीत गेली होती. निसर्गशास्त्राची नवी टीचर भेटली, त्या पहिल्या बारा मुलींतलीच एक. बापानं लग्न थांबवून धरलेली कोण, म्हणून विचारलं, तर ती आता वेलूरला डॉक्टर आहे म्हणाली.

तक्ता तिथंच टांगलेला होता. धूर जुना होऊन जास्त खरा झाला होता. माकड आपल्या चुकीच्या जागी सुखात होतं.

"बाकी ठीक आहे," नवी टीचर संकोचून म्हणाली. "फक्त खालचा कोरा तुकडा फार मळलाय. तो तेवढा बदलून द्याल?"

मी खाली वाकून बघितलं. तुकडा कोरा नव्हता. मधोमध तांबूस तपकिरी डाग होता, वर डोक्यासारखा गोल, खाली खांद्यांसारखा रुंद होत गेलेला.

"हे कशानं झालं?"

"हातांनी. झैनब टीचर प्रत्येक वर्गाला विचारतात, इथं कोण? मग मुली येऊन तिथं हात ठेवतात आणि आपापलं उत्तर सांगतात. आम्हीही ठेवायचो. बागकामाच्या तासानंतर हा तास असतो, हात धुवून या म्हटलं तरी कुणी धूत नाही."

मी गेरू कालवला आहे, रामरज कालवली आहे, कावेरीकाठची माती आणून वाटली आहे. मातीचा तो रंग मला कधी जमला नव्हता. मी तुकडा बदलला नाही. त्याच्यावर व्हार्निशचा एक पातळ हात दिला आणि वाळेपर्यंत समोरच्या बाकावर बसून राहिले. सेतुमामा जाऊन तेव्हा दोन पावसाळे झाले होते. असते तर त्यांना हाताला धरून तिथं आणलं असतं आणि म्हटलं असतं, बघा मामा, तुमची जागा रिकामी राहिली नाही.